चोवीस कुंड्यांचा लॉट

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने तपासनीसांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. त्यांनी ते तिथेच, टाळ्या चालू असताना, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. भेटीचं घड्याळ अकरा सेकंद पुढे होतं. त्यांनी ते मॅनेजरच्या हातात परत ठेवलं आणि म्हणाले, "दुसरं आलं की कळवा." मॅनेजर कळवतो म्हणाला. त्याने अजून कळवलेलं नाही.

हा माणूस उद्यापासून कायमचा घरी असणार होता. त्याची बायको त्या वेळी घरी निवांत चहा पीत होती, बिचारी.

तपासनीसांनी चौतीस वर्षं बाटल्यांची झाकणं तपासली. पद्धत त्यांनीच घालून दिलेली. प्रत्येक लॉटमधून काही झाकणं उचलायची, वाकवायची, चेपायची, तुटेपर्यंत पिळायची, निकाल वहीत लिहायचा आणि झाकणं फेकून द्यायची. एकदा तपासलेला नग परत लॉटमध्ये जाता कामा नये, हा त्यातला मुख्य नियम. एका सहकाऱ्याने एकदा एक धडधाकट झाकण कुणाचं लक्ष नाही बघून परत टोपलीत टाकलं, तर तपासनीसांनी त्याची गोदामात बदली करवली. तो अजून गोदामातच आहे म्हणतात. कारखान्यात त्यांना मागून 'रिजेक्ट साहेब' म्हणत. समोरूनही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस त्यांनी नुसतं निरीक्षण केलं. नवव्या दिवशी खिशातून झाकणं मोजायचा कॅलिपर निघाला.

"हे गाजराचे काप बघ," ते ओट्याशी उभे राहून बायकोला म्हणाले. "सहा मिलिमीटर. नऊ. सात. आणि हा तर चक्क चौदा."

"तो तुम्हाला वाढते," बायको म्हणाली.

बायको शिवणकाम करायची. पडदे, गणवेश, पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं असली कामं. मशीन झोपायच्या खोलीत कपाटाला चिकटून होतं. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि दिव्यात निळा दोरा आणि काळा दोरा सख्खे भाऊ दिसत. एका दुपारी गिऱ्हाईक बाई पडदे न्यायला आल्या असताना तपासनीसांनी पडद्याची कड हातात घेतली, कॅलिपर लावला आणि कुणी विचारलेलं नसताना जाहीर केलं, "इंचाला साडेअकरा टाके. बारा हवेत." बाईंना तोवर टाके मोजतात हेच माहीत नव्हतं. त्या पडदे तिथेच ठेवून बारा टाके घालणाऱ्याच्या शोधात निघून गेल्या.

त्या दिवशी बायकोने बाल्कनी मागितली.

बाल्कनी नऊ फूट बाय चार फूट. प्रकाश भरपूर. मधे काचेचं दार. बायकोचा तिच्यावर बारा वर्षांपासून डोळा होता. पण तपासनीसांचाही होता, कारण साऱ्या घरात ती एकच जागा अशी होती की जिथे त्यांना कुणी "जरा उठता का, केर काढायचाय" म्हणत नसे. दुसरंही कुणी बाल्कनीच्या मागे लागलेलं बघून ते घाईघाईने म्हणाले, "बाल्कनीत मी भाजी लावणार आहे."

"तुम्ही?" बायकोने विचारलं. "तुम्हाला कोथिंबीर आणायला सांगितलं की तुम्ही गवत आणता."

"ते गवत पहिल्या प्रतीचं होतं."

भांडण सोडवायला मुलगी बसली. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून यायची आणि संध्याकाळी आईवडिलांचे संबंध. तिने निकाल दिला: शंभर दिवस. शंभराव्या दिवशी तिघांचं एक जेवण होईल एवढा माल बाल्कनीतून निघाला, तर बाल्कनी कायमची बाबांची. नाही निघाला, तर तिथे आईचं मशीन जाणार आणि बाबांची खुर्ची फ्रिज आणि चपलांच्या कपाटाच्या मधल्या फटीत.

तपासनीस उठले, फट मोजून आले. "फट चव्वेचाळीस सेंटिमीटर. खुर्ची सेहेचाळीस. बसत नाही."

"मग जिंका," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते नर्सरीत गेले. नर्सरीवाला हा सैल शर्टातला, सैल स्वभावाचा माणूस. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना दोनच उत्तरं होती, "पाणी जास्त झालं" आणि "पाणी कमी पडलं." तपासनीसांनी एकच आयटम घेतला: टोमॅटोचं बी. एका वेळी एकच लाइन चालवायची, हे तत्त्व.

घरी येऊन त्यांनी पाकीट टेबलावर पालथं केलं आणि आवक तपासणी सुरू केली. एकशेवीस बिया निघाल्या. त्यातल्या वीस त्यांनी ब्लेडने उभ्या कापून आत बघितल्या. आत काही विशेष नव्हतं. दहा दाताखाली फोडल्या. उरलेल्यांत ज्या बियांवर लव होती, त्या सगळ्या 'पृष्ठभाग खडबडीत' म्हणून बाजूला काढल्या. मग लक्षात आलं की टोमॅटोच्या प्रत्येक बीवर लव असते. ते चिठ्ठी लिहून पाकीट घेऊन परत नर्सरीत गेले.

नर्सरीवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "काका, बी आहे हे. बटण नाही शर्टाचं."

"म्हणजे ही लव चालते?"

"मातीत कोण बघतंय, काका."

या वाक्याने तपासनीस दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी चाळीस बिया सवलतीखाली स्वीकारल्या, असा शेरा मारून त्यांनी त्या पेरल्या. बिया त्या शेऱ्याची पर्वा न करता नवव्या दिवशी उगवल्या. तिसाव्या दिवशी त्यातली बरी चोवीस रोपं चोवीस कुंड्यांत गेली. चार ओळी, ओळीला सहा, दोन कुंड्यांत बरोबर दोन बोटं अंतर. खरं सांगायचं तर रोपं झकास होती. मुलीनेसुद्धा वाकून बघितलं आणि "वा, बाबा" म्हणाली. बायको रात्री मशीनच्या पायडलला उगाच तेल घालत बसली.

एकतिसाव्या दिवशी सकाळी तपासनीसांनी पहिल्या ओळीतलं पहिलं रोप धरलं आणि मुळासकट उपटलं.

मुलगी टूथब्रश तोंडात धरून बघत होती. "बाबा! हे काय?"

"सॅम्पल." त्यांनी मुळं धुतली, पसरली, कॅलिपर लावला. "मुळाची लांबी एकशेदहा. खोड सरळ. रंग समाधानकारक. पास!" असं म्हणून त्यांनी वहीत 'पास' लिहिलं आणि रोप कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"पास झालं ना? मग टाकलंत का?"

"तपासलेला नग लॉटमध्ये परत जात नाही."

"अहो बाबा, ते झाड आहे. परत लावलं तर जगेल."

"जगेल ना. पण मग उद्या कुणी विचारलं, की या लॉटमध्ये तपासून हाताळलेला माल किती, तर मी काय सांगू?"

"कोण विचारणार आहे?"

तपासनीसांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. कुणी विचारत नाही म्हणून नियम सोडणारी ही पिढी खांदे कसे सोडवत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला.

दुसऱ्या दिवशी दुसरं रोप. तेही पास. तिसऱ्या दिवशी तिसरं, उत्तम. उरलेल्या उभ्या रोपांनाही मोकळं सोडलं नव्हतं. ती रोज सकाळी डावीकडे चाळीस अंश, उजवीकडे चाळीस अंश वाकवली जायची. लवचिकता चाचणी. नऊ दिवसांत नऊ रोपं उपटून झाली, निकाल शंभर टक्के. तपासनीसांनी उभ्या आयुष्यात इतका निर्दोष लॉट पाहिला नव्हता. कुंड्या पंधरा उरल्या होत्या.

"बाबा, असंच चाललं तर पंधरा दिवसांनी काय उरेल?" मुलीने जेवताना विचारलं.

"किती उरलं हा प्रॉडक्शनचा प्रश्न. माझा विभाग क्वालिटी."

बायको ताटात मान घालून गालात हसत होती. तिने बाल्कनीच्या मापाचं टेबल बघून ठेवलं होतं. नवऱ्याच्या मार्गात यायचं नाही, एवढंच तिला करायचं होतं.

आणि मग चाळिसाव्या दिवशी तपासनीसांना सर्दी झाली.

साधी सर्दी. शिंका, नाक लाल. बाल्कनीत वारा लागेल म्हणून मुलीने त्यांना घरात बसवलं. गेला महिनाभर ते सकाळी सात ते संध्याकाळी सहा काचेच्या पलीकडे होते. घरातल्या दोघींना त्या शांततेची इतकी सवय झाली होती की ती शांतता आहे हेच त्या विसरल्या होत्या. त्या एका दिवसात तपासनीसांनी फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यात थर्मामीटर ठेवून तापमान लिहिलं. दार वारंवार उघडावं लागल्याने दूध नासलं. साबणाची वडी दोघींपैकी कोण जास्त झिजवतं याचा छडा लावला. गिऱ्हाईक बाई परत आल्या होत्या, बारा टाक्यांवाला मिळाला नव्हता म्हणून. त्यांना तपासनीसांनी शिंकत शिंकत गणवेशाच्या काजाची फेल टक्केवारी सांगितली. संध्याकाळी मुलगी व्यायाम करायला लागली, तर हे बाजूला कोनमापक घेऊन. "कोपर एकशेसाठला थांबतंय. हेच शिकवतेस होय लोकांना?"

दुसऱ्या दिवशी सर्दी ओसरली आणि ते बाल्कनीत गेले. घरातल्या दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला. तेव्हा बायकोच्या ध्यानात आलं की ही बाल्कनी आपण जिंकतोय म्हणजे काय जिंकतोय. बाल्कनी आपली झाली, म्हणजे हे आत येणार. रोज. कॅलिपर घेऊन. मरेपर्यंत.

दुपारी दोन ते तीन तपासनीस आत येऊन झोपायचे. बायको दोन वाजून पाच मिनिटांनी नर्सरीत होती.

"टोमॅटोचं रोप हवंय, एवढं," तिने बोटं दाखवून उंची सांगितली. "रोज एक लागेल. आणि हे घरी कळता कामा नये."

"कुणाला, काकू?"

"उपटणाऱ्याला."

नर्सरीवाल्याने मान डोलावली. संध्याकाळी सहा वाजता मुलगी तिथे आली. तिलाही रोज एक रोप हवं होतं. तिच्याही घरी कळून चालणार नव्हतं. नर्सरीवाल्याने तिच्यापुढेही मान डोलावली. मायलेकींनी एकमेकींना काही सांगितलं नाही. कारण दोघींनाही दुसरीसमोर कबूल करायचं नव्हतं की आपण एका माणसाला बाल्कनीत कायमचं बसवायला धडपडतोय.

बाल्कनीच्या कोपऱ्यात रिकाम्या कुंड्यांची चळत होती. दुपारी बायको त्यातली एक भरायची आणि संध्याकाळी, तपासनीस बातम्या बघत असताना, मुलगी एक भरायची. तपासनीस सकाळी एक उपटायचे.

त्यांनी पंधरातून एक उपटलं, आणि दुसऱ्या सकाळी सोळा होती. सोळातून एक उपटलं, तर सतरा.

पहिले दोन दिवस त्यांनी डोळे चोळले. तिसऱ्या दिवशी बोट लावून मोजलं. चौथ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं ज्या मोजण्यावर पोट भरलं, ते मोजणं हातातून चाललं होतं. हे कुणाला सांगणार? ते गुपचूप इमारतीच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून आले. वर जाताना छत्तीस, खाली येताना छत्तीस. जिना बरोबर होता. मग स्वयंपाकघरातले चमचे मोजले. तेही बरोबर निघाले, तेव्हा त्यांना जास्तच घाम फुटला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला नंबर आहे तोच आहे. त्यांनी ते लेखी मागितलं.

बायकोने त्यांना चमचे मोजताना पाहिलं होतं. "काय हो, काय शोधताय?" तिने विचारलं.

"काही नाही. चमचे एकवीसच आहेत ना?"

"एकवीसच आहेत," ती मऊ आवाजात म्हणाली. मग दोन वाजले, आणि ती पिशवी घेऊन निघाली. दया एका जागी, शांतता एका जागी.

पन्नासाव्या दिवशी सकाळी बाल्कनीत पुन्हा चोवीस कुंड्या भरलेल्या होत्या. अठरा रोपं उपटून झाल्यावर. तपासनीस गुडघ्यांवर बसले. आता आपण मुलीला सांगावं, की मला डोक्याच्या डॉक्टरला दाखव, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात समोरच्या कुंडीतल्या रोपाकडे लक्ष गेलं. पानं निळसर, जाड, मेणचट. त्यांनी पान चुरडून वास घेतला. टोमॅटोच्या पानाला जो उग्र वास असतो, तो नव्हता.

कोबी होता तो.

झालं होतं असं की नर्सरीवाल्याकडची टोमॅटोची रोपं संपली होती. रोज दोन मागायला येतात म्हटल्यावर संपणारच. त्याने मग मिरची दिली, वांगं दिलं, आणि शेवटी "लहानपणी सगळी सारखीच दिसतात" म्हणून कोबी दिला.

तपासनीसांना जो आनंद झाला, तो त्यांना लग्नातही झाला नव्हता. वेड आपल्याला लागलेलं नाही! माल वेगळा आहे! कुणीतरी लॉटमध्ये बाहेरचा माल मिसळतंय! ते ताठ उभे राहिले, शर्ट नीट खोचला आणि तडक नर्सरीत गेले.

"टोमॅटोच्या बीतून कोबी येतो का?" त्यांनी विचारलं.

नर्सरीवाला दोन शपथांच्या मधे सापडला होता. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "हवामान, काका."

"हवामानाने टोमॅटोचा कोबी होतो?"

"यंदा फार बदललंय."

"आणि मिरची?"

"तीसुद्धा हवामानच. किंवा पाणी जास्त झालं असेल."

तपासनीसांनी हे उत्तर तारीख-वेळेसह लिहून घेतलं आणि खाली सही मागितली. नर्सरीवाल्याने सही केली. सैल माणूस होता.

त्या दिवसापासून उपटणं थांबलं. वाकवणंही थांबलं. ही रोपं आता सॅम्पल राहिली नव्हती, पुरावा झाली होती, आणि पुराव्याला हात लावायचा नसतो. तपासनीस नुसते खुर्चीत बसून बघायचे. मातीचा वरचा थर हलला तर पुराव्यात फरक पडेल म्हणून कडेकडेने पाणी घालायचे. बाकी काही नाही. झाडांवर आजवर कुणी केले नसतील एवढे उपकार झाले. महिनाभरात बाल्कनीत रान माजलं. टोमॅटो कठड्यावरून बाहेर लोंबायला लागले, वांग्यांनी जांभळी फुलं धरली, मिरच्या लटकल्या. कोबी मधोमध बसून जाडा होत होता. वरच्या मजल्यावरच्या बाई वाकून म्हणायच्या, "गुण आहे हो तुमच्या ह्यांच्या हाताला!" बायको म्हणायची, "हात लावत नाहीत ना, म्हणून."

दोघींनीही नवी रोपं आणणं बंद केलं होतं, कारण कमी होणंच बंद झालं होतं. दोघीही आपल्यामुळे जमलं म्हणून मनातल्या मनात खूष होत्या. मुलीने तर शंभराव्या दिवसाची सुट्टी टाकली. बाबा जिंकणार, बाल्कनी बाबांची, आणि उरलेलं घर माणसांचं.

शंभराव्या दिवशी दुपारी टेबल भरलं. टोमॅटोचं सूप. वांग्याची भाजी. कोबी-मिरचीची कोशिंबीर. वर चिरलेले टोमॅटो, आणि त्यांचे काप, बायकोने मुद्दाम, सगळे सहा मिलिमीटर. तिघांचं काय, सहा जणांचं झालं असतं.

मुलगी चमचा आपटून म्हणाली, "निकाल जाहीर! तिघांचं जेवण, बाल्कनीतला माल. बाबा जिंकले! बाल्कनी बाबांची!"

बायकोने टाळ्या वाजवल्या. पैजेत हरलेली बाई इतक्या मनापासून टाळ्या वाजवताना कुणी पाहिली नसेल.

तपासनीसांनी चमचा उचलला नव्हता. ते उठले आणि वही घेऊन आले.

"अंतिम अहवाल," ते म्हणाले.

"अहो, सूप गार होईल."

"लॉटमध्ये एकूण झाडं चोवीस. त्यांपैकी मूळची सहा. बाहेरून घुसवलेली अठरा." त्यांनी पान उलटलं. "घुसवलेल्यांपैकी नऊ काठीला गडद निळ्या दोऱ्याने बांधलेली. दोरा गणवेशाचा. गाठ उत्कृष्ट."

बायकोने सुपात बघायला सुरुवात केली.

"उरलेली नऊ गुलाबी, ताणल्या जाणाऱ्या पट्टीने बांधलेली. गुडघ्याच्या व्यायामाची पट्टी. गाठ सुमार."

"तू पण?" आई लेकीला म्हणाली.

"तू पण?" लेक आईला म्हणाली.

"मूळ सहा झाडांवर लवचिकता चाचणी झालेली असल्याने त्यांना एकूण चार टोमॅटो लागले, लिंबाएवढे. ते तिघांना पुरत नाहीत." तपासनीसांनी पेनाचं टोपण काढलं. "लॉट रिजेक्ट."

मग बायको उभी राहिली.

"अहो, तुम्हाला जिंकवत होते मी! कळतंय का? भर दुपारी पिशवीत रोपं लपवून आणत होते, तुम्ही जिंकावं म्हणून!"

"ते अहवालात आहे. फक्त कारण नाहीये. का?"

मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे."

"का जाऊ दे? विचारतायत ना ते? तुम्ही घरात असलात ना, की घराचा कारखाना होतो. मी टाका घालते, तुम्ही मोजता. ही हात वर करते, तुम्ही मोजता. आम्ही दोघी मनात म्हणत होतो, तुम्ही तिथेच बसा. काचेच्या पलीकडे. बसा हो बसा, कोबी मोजा, कुणाचं काय जातंय!"

तपासनीसांना राग आला नाही. तक्रार लेखी असती तर कदाचित आला असता. त्यांनी टेबलावरचा टोमॅटोचा एक काप उचलला, बोटांत धरून बघितला. सहा मिलिमीटर, हे त्यांना मोजल्याशिवायही कळलं. तो त्यांनी खाल्ला.

"चांगला आहे," ते म्हणाले. आणि मग, "पण माझा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हरलो. बाल्कनी तुझी. खोटा लॉट पास करून मी तिथे बसू शकत नाही. उद्या सकाळी आठला खाली करतो."

"नको हो!" मुलगी जवळजवळ ओरडली. "बाबा, बसा ना! कोण विचारणार आहे?"

पण हे वाक्य त्यांच्यापाशी पूर्वीच एकदा फुकट गेलं होतं. बायकोने हात जोडले, धमकावलं, टेबल घेतच नाही म्हणाली. तपासनीस हलले नाहीत. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला पाया पडून लॉट पास करून घेऊ दिला नव्हता, आणि हा तर स्वतःचा होता.

सकाळी आठला त्यांची खुर्ची आत आली. फ्रिज आणि चपलांच्या कपाटाच्या फटीत ती बसली नाही म्हणून घराच्या मधोमध ठेवली. तिथून त्यांना स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या आणि बाहेरचं दार, सगळं एका जागी बसून दिसत होतं. मुलगी दोन तास लवकर कामावर गेली.

बायकोने मशीन बाल्कनीत नेलं. कुंड्या तिने बाहेर काढल्या नाहीत, त्यांच्यातच जागा केली. दोऱ्यांचा डबा कोबीशेजारी, कात्री वांग्याला अडकवलेली. स्टूल ओढून ती बसली आणि काचेचं दार लावून घेतलं. मग बाल्कनीच्या बाजूने कडी लावली. मशीन सुरू झालं. निळा दोरा निळा दिसत होता. इंचाला साडेअकरा टाके पडत होते, आणि कुणी काही म्हणत नव्हतं. दुपारचा चहा तिने आत जाऊन आणला, तेवढाच. तोही पळत.

संध्याकाळी काचेवर टकटक झाली. तपासनीस उभे होते. दिवसभरात फ्रिजचे सगळे कप्पे मोजून झाले होते, चमचे दोनदा. बायकोने दार चार बोटं उघडलं.

"काय?"

"तिथे एक खुर्ची मावेल का?"

तिने मागे वळून बघितलं. मावली असती. मिरचीची कुंडी थोडी सरकवली तर अगदी आरामात मावली असती. तिने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. कॅलिपर होताच.

"मावेल," ती म्हणाली. "पण तो खिशाबाहेर काढणार नाही, असं कबूल करा. कापडाला नाही, झाडाला नाही, मला नाही. नुसतं बसायचं."

तपासनीस विचारात पडले. एका टोमॅटोचं देठ वाकडं होतं, ते त्यांना काचेतून दिसत होतं. पडद्याची कड मशीनवरून खाली लोंबत होती. ते मनापासून, प्रामाणिकपणे, बराच वेळ विचार करत राहिले.

"खात्री देता येणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली आणि तिने कडी लावली.